नऊ इंची टेप आणि आवाजाचं गोल बटण : अंबाजोगाईच्या एका टूर गाडीचं प्रकरण

गाडी सात आसनी, डिझेल, २०१८ ची, टूर परमिटची. मुक्काम अंबाजोगाई. मालक स्वतः चालवतो, सीझनला एक बदली चालक असतो. भाडी बहुतेक ठरलेली: पुढच्या तपासण्यांसाठी संभाजीनगरला जाणारे रुग्ण, लग्नसराईत वऱ्हाड, तुळजापूर, शिर्डी. केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई, शहागड, पाचोड करत संभाजीनगर म्हणजे एका बाजूने सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि रुग्ण असला की परतीला रात्र ठरलेलीच.

गाडीत कंपनीचा साधा टेप, म्हणजे गाणी-रेडिओचा संच, होता. रेडिओ, ब्लूटूथ, दोन गोल बटणं. नकाशासाठी फोन काचेला चिकटवलेल्या स्टँडवर. दिवाळीत मालकाने हा टेप काढून नऊ इंची अँड्रॉइड टेप बसवला. किंमत फिटिंगसह साडेअकरा हजार, सोबत मागचा कॅमेरा. जानेवारीपर्यंत तीन तक्रारी जमल्या. गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की सकाळी सेल्फ घेत नाही. फोनवरचा नकाशा मध्येच पडद्यावरून गायब होतो. आणि फोनवर बोलताना समोरच्याला फक्त एसीचा घोंगाट ऐकू जातो. चौथी गोष्ट तक्रार म्हणून कुणी मांडलीच नव्हती. ती एका रात्री समोर आली.

त्या रात्री नेमकं काय झालं

संभाजीनगरहून परत येताना, मांजरसुंबा सोडून केजकडे, रात्री साडेनऊच्या सुमाराला. वेग ८० च्या आसपास, समोरून वाहनं येत असल्याने दिवे डिपरवर, म्हणजे खाली झुकवलेले. मागच्या सीटवरून आवाज आला, "दादा, गाणं जरा बारीक करा, आईला झोप लागलीय." चालकाचा हात टेपकडे गेला. या टेपला गोल बटण नाही. डाव्या कडेला काचेतच कोरलेल्या पाच स्पर्शखुणा आहेत, त्यातली खालून दुसरी आवाज कमी करण्याची. अंधारात त्या दिसत नव्हत्या. बोटाला उंचसखल काही लागत नाही, म्हणून डोळे तिकडे गेले. पहिल्यांदा बोट 'होम'वर पडलं, नकाशा जाऊन टेपचा मुख्य पडदा आला. दुसऱ्यांदा बरोबर जागी पडलं. मान वर केली तेव्हा समोर उसाची डबल ट्रॉली होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, उसाचे शेंडे दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले.

ब्रेक कचकन लागला, गाडी डाव्या साइडपट्टीवर उतरली, पुढचं डावं चाक कडेच्या दगडावर बसलं. रिम वाकली, टायर बाजूने चिरला. माणसं सुखरूप. मग अंधारात उभ्या गाडीचे चारही इंडिकेटर चालू करायचे होते, तर ते बटण नव्या टेपच्या पुढे आलेल्या पडद्याखाली दडलेलं. तेही चाचपडत शोधावं लागलं.

आता आकडे मांडून बघा. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. दोन वेळा बोट लावायला, मध्ये चुकीचा पडदा ओळखायला आणि नजर परत रस्त्यावर यायला तीन ते चार सेकंद धरले तरी ६५ ते ९० मीटर रस्ता न बघता मागे पडला. डिपरचा उजेड साधारण ४० ते ६० मीटरपर्यंतच कामाचा. पूर्ण लक्ष असलेल्या माणसालाही ८० च्या वेगात कोरड्या रस्त्यावर थांबायला सुमारे ७० मीटर लागतात: दीड सेकंद उमगण्यात म्हणजे ३३ मीटर, आणि उरलेले प्रत्यक्ष ब्रेकचे. म्हणजे बिनदिव्याच्या ट्रॉलीपुढे डिपरवर ८० हा वेग आधीच जास्त होता. टेपने उरलासुरला वावही खाल्ला. उसाच्या हंगामात, दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत, बीड, लातूर, धाराशिव, जालना या जिल्ह्यांत रात्री गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब पाठ ठेवावा असा आहे.

अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये गाडीतल्या उपकरणांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात एका वेळी नजर रस्त्यावरून हटण्याची मर्यादा दोन सेकंद आणि संपूर्ण कामाची मर्यादा बारा सेकंद धरली आहे. आवाज कमी करणं हे गाडीतलं सगळ्यात लहान काम. तेच इथे दोन सेकंदांच्या वर गेलं. दोष चालकाच्या सवयीत थोडा आणि फिटिंगमध्ये फार होता, असं आमचं मत आहे, आणि टेप उघडल्यावर ते पक्कं झालं.

टेप उघडल्यावर

बाजूच्या पट्ट्या आणि चार स्क्रू काढून टेप बाहेर ओढला. मागच्या वायरिंगमध्ये एकामागून एक गोष्टी दिसल्या.

पिवळी वायर बॅटरीचा कायमचा करंट देते आणि लाल वायर चावी फिरवल्यावरचा. दोन्ही एकत्र पिळून टेपपट्टी गुंडाळलेली होती. असं केलं की टेप चावीशिवाय लगेच चालू होतो, गिऱ्हाईक खूश होतं आणि फिटरला चावीचा करंट शोधावा लागत नाही. पण मग टेपला चावी काढल्याचं कळतच नाही आणि तो झोपतच नाही. मोजमाप असं केलं: सगळं बंद, दारं लॉक, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून तिच्या आणि बॅटरीच्या खांबाच्या मध्ये करंट मोजायचा मीटर १० ॲम्पिअरच्या सॉकेटवर, आणि अर्धा तास वाट. मीटर मध्ये असताना सेल्फ कधीही मारायचा नाही, मीटरचा फ्यूज जागेवर जातो. अर्ध्या तासाने आकडा ३८० मिलीॲम्पिअरवर स्थिर. टेपचा फ्यूज काढला तर ३० वर आला. हे ३० गाडीतल्या ट्रॅकिंग यंत्राचे आणि घड्याळाचे, चालण्यासारखे. ५० च्या आत असलं की काळजी नसते. ३८० म्हणजे दिवसाला ९ ॲम्पिअर-तास, तीन दिवसांत २७. बॅटरी ६५ ॲम्पिअर-तासांची, तीही तीन वर्षं जुनी. जानेवारीच्या पहाटे डिझेल इंजिन फिरवायला मग उरतं काय?

नारिंगी वायर मोकळी लोंबत होती. ही गाडीच्या दिव्यांशी जोडायची असते. जोडली की हेडलाइट लावताच टेपचा उजेड कमी होतो आणि कडेच्या खुणांमागचा दिवा लागतो. ती न जोडल्यामुळे रात्री पडदा दिवसाइतकाच झगझगीत आणि खुणा मात्र काळ्या. उजळ पडद्याकडे बघून डोळ्याची बाहुली आकसते, आणि नजर परत अंधाऱ्या रस्त्यावर गेली की काही क्षण कमीच दिसतं. ट्रॉली उशिरा दिसण्यात याचाही वाटा होता. एका वायरचं, पाच मिनिटांचं काम.

स्टेअरिंगवरच्या बटणांच्या दोन वायरी टेपच्या 'की १' आणि 'की २' ला जोडलेल्या नव्हत्या. या गाडीची स्टेअरिंग बटणं रोधावर (प्रत्येक बटणाचा विजेला होणारा अडथळा वेगळा) चालतात, त्यामुळे वेगळा डबा विकत घ्यावा लागत नाही. वायरी जोडायच्या, टेपच्या सेटिंगमध्ये एकेक बटण दाबून ओळख करून द्यायची, झालं. ती जोडलेली असती तर आवाज अंगठ्याने कमी झाला असता आणि नजर हललीच नसती. नव्या गाड्यांत ही बटणं बहुधा कॅन वायरवर, म्हणजे गाडीतले संगणक एकमेकांशी बोलतात त्या वायरवर, असतात, तिथे गाडीच्या मॉडेलचा कॅन डबा लागतो. दुकानदार पैसे वाचवून देतो म्हणतो तो नेमका हाच डबा वगळून. तिथे हट्टाने मागून घ्यावा.

हँडब्रेकची फिकट हिरवी वायर सरळ अर्थला मारलेली होती. ही वायर टेपला सांगते की गाडी उभी आहे. कायम अर्थ दिला की टेपच्या मते गाडी जन्मभर उभीच, म्हणजे चालत्या गाडीत पुढच्या पडद्यावर व्हिडिओ चालतो. बहुतेक दुकानांत हे न विचारता होतं, कारण गिऱ्हाईक दुकानातून बाहेर पडण्याआधी "व्हिडिओ चालतो ना?" विचारतो. हे काम करून देऊ नये आणि करून घेऊही नये.

नकाशा का हरवायचा याची कारणं दोन निघाली. जीपीएसचा अँटेना गुंडाळून डॅशबोर्डच्या आत, लोखंडी आडव्या पट्टीच्या मागे कोंबला होता. त्याला आकाश दिसत नव्हतं. दुसरं म्हणजे केबल. ती दोन मीटरची, चार्जरसोबत आलेली, आणि फोनच्या टाइप-सी खाचेत धूळ व कापसाचे तंतू घट्ट बसलेले. खड्ड्यात गाडी आदळली की जोड क्षणभर सुटायचा आणि पडदा परत सुरुवातीपासून. टाचणी न वापरता लाकडी दातकोरणीने खाच साफ केली, डेटासाठी बनवलेली एक मीटरच्या आतली केबल लावली, आणि निम्मी तक्रार तिथेच मिटली.

आवाजाच्या घोंगाटाचं कारण टेपच्या अंगातला माइक. तो एसीच्या झरोक्याच्या अगदी बाजूला. मागे बाहेरच्या माइकची खाच असते, तो दोन-अडीचशे रुपयांचा माइक चालकाच्या बाजूच्या खांबावर, सनवायझरच्या उंचीला लावायचा आणि सेटिंगमध्ये बाहेरचा माइक निवडायचा.

अँड्रॉइड टेप आणि अँड्रॉइड ऑटो

इथे बाजारात सगळ्यात जास्त गोंधळ आहे, म्हणून जरा थांबून. अँड्रॉइड टेप म्हणजे डॅशबोर्डात बसवलेला टॅबच. त्याचा स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी, इंटरनेटसाठी फोनचा हॉटस्पॉट. दोन जीबी मेमरीचा टेप सुरू व्हायलाच अर्धा-पाऊण मिनिट घेतो आणि दीड-दोन वर्षांत रेंगाळायला लागतो. डब्यावर लिहिलेली अँड्रॉइडची आवृत्ती आणि आतली आवृत्ती एकच असेल याचीही खात्री नसते.

अँड्रॉइड ऑटो आणि ॲपल कारप्ले यांचं काम उलट चालतं. दोन्हींची घोषणा २०१४ ची. यात सगळा विचार फोन करतो. टेपच्या पडद्यावर फोन फक्त चित्र पाठवतो, आणि टेप परत बोटाचा स्पर्श आणि माइकचा आवाज फोनला देतो. त्यामुळे टेप जुना झाला तरी फोन बदलला की नकाशा नवाच राहतो. पडद्यावरच्या खुणा मोठ्या आणि मोजक्या, गाडी चालताना टायपिंग बंद, व्हिडिओ नाही. हा कडकपणा अनेकांना खटकतो. आमच्या मते विकत घेण्यासारखी खरी गोष्ट तीच आहे.

या गाडीतल्या टेपमध्ये अँड्रॉइड ऑटो होतं, पण टेपच्या आतल्या एका ॲपमधून. म्हणजे आधी टेप उठणार, मग ॲप, मग फोन. त्यातलं काहीही अडकलं की चालकाचं बोट पडद्यावर.

म्हणून प्रश्न उरला: वायरिंग दुरुस्त करून हाच टेप ठेवायचा की बदलायचा? वायरिंगने बॅटरी, उजेड, माइक आणि स्टेअरिंगची बटणं सुटली असती. पण पुढे आलेला पडदा चार इंडिकेटरचं बटण आणि मधल्या झरोक्याचा खालचा भाग झाकत होता, त्यावर उपाय नव्हता. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासूनच्या निकषांत इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन मदत या पाच गोष्टींसाठी हाताला लागणारी बटणं हवीत असं म्हटलंय. तिथे हा वाद नव्या महागड्या गाड्यांचा आहे. इथे कंपनीने दिलेलं चांगलं बटण आपणच दुकानात पैसे देऊन झाकून घेतो.

मालकाने शेवटी टेप बदलला. १८० गुणिले १०० मिलिमीटरच्या दुहेरी खाचेत सपाट बसणारा सात इंची टेप, केबलवर चालणारं अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले दोन्ही असलेला, आणि उजव्या बाजूला आवाजाचं गोल बटण. गाडीच्या मॉडेलचा कपलर (तयार जोडणीचा प्लग) घेतला, एकही मूळ वायर कापली नाही. पिवळीवर १० ॲम्पिअरचा फ्यूज, लाल मूळ कपलरमधल्या चावीच्या करंटवर, नारिंगी दिव्यांवर, हिरवी खऱ्या हँडब्रेकच्या स्विचवर, जीपीएस अँटेना काचेच्या खाली डाव्या कोपऱ्यात तोंड वर करून. खर्च कपलर, माइक, केबल आणि मजुरीसह साधारण १९ हजार. जुना टेप साडेचार हजाराला गेला. काम संपल्यावर परत मीटर लावला: ३४ मिलीॲम्पिअर.

फोन ठेवायचा कुठे

हा प्रश्न मराठवाड्यात मार्च ते जूनमध्ये सगळ्यात मोठा. बाहेर ४२ अंश असताना काचा लावून उन्हात दोन तास उभ्या राहिलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ६० च्या पुढे सहज जातो. ॲपल आपला फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा आणि ४५ च्या वर ठेवूही नका म्हणते. इतर फोनांच्या बॅटऱ्याही त्याच जातीच्या. तापलेला फोन आधी पडद्याचा उजेड कमी करतो, मग चार्जिंग थांबवतो, मग सुस्त होतो आणि शेवटी नकाशा सोडतो. चालक म्हणतो टेप खराब निघाला.

काचेवरचा स्टँड उन्हात वाईट. डॅशबोर्डातला झाकणाचा कप्पा (ग्लोव्ह बॉक्स) किंवा आर्मरेस्टखालचा डबा बंद असल्याने तिथेही फोन शिजतो, शिवाय त्याला आकाश कमी दिसतं. या गाडीत गिअरच्या पुढचा उघडा ट्रे निवडला. तिथे मधल्या झरोक्याची थंड हवा खाली झिरपते, ऊन पोचत नाही आणि फोनचा पडदा डोळ्यांसमोर येत नाही. टेपचा स्वतःचा अँटेना काचेजवळ असल्यामुळे स्थान त्याच्याकडून मिळतं. सगळे टेप आपल्या अँटेनाचं स्थान फोनला देत नाहीत. ट्रेमध्ये फोन ठेवल्यावर नकाशावरचा बाण गाडीच्या मागे मागे राहायला लागला, तर समजावं की आपला टेप त्यातला आहे. मग फोन थोडा वर, झरोक्याच्या क्लिपवर घ्यावा लागतो.

मे महिन्यातली शिस्त अशी ठरली: गाडी सुरू केल्यावर पहिली पाच मिनिटं काचा खाली, मग एसी, आणि केबिन थंड झाल्यावरच केबल. जाड रबरी कव्हर काढून. वायरलेस चार्जिंगची थाळी लावायची नाही, कारण ती फोनला खालून तापवते, नकाशा आतून तापवतो.

बिनकेबलची जोडणीही याच कारणाने टाळली. त्यात ब्लूटूथ फक्त ओळख करून देतो, चित्र ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवरून जातं, आणि फोनमध्ये साधारण अँड्रॉइड ११ किंवा पुढचं लागतं. गावातल्या गावात दहा मिनिटांच्या कामाला ती सोयीची. पाच तासांच्या उन्हाळी भाड्याला ती फोन तापवते आणि बॅटरीही खाते. केबलच्या टेपला बिनकेबल करणारा तीन-चार हजारांचा वायरलेस डोंगल लावला तर त्यात जोडणीला अर्धा मिनिट आणि स्पर्शाला थोडी दिरंगाई आणखी. दिरंगाई झाली की माणूस दुसऱ्यांदा बोट लावतो, आणि नजर पुन्हा पडद्यावर जाते.

केबलचाही तोटा आहे. टेपच्या जुन्या यूएसबी तोंडातून पुष्कळदा अर्धा ॲम्पिअरच मिळतो, म्हणजे अडीच वॅट. नकाशा आणि डेटा चालू असताना फोन भरत नाही, जेमतेम टिकतो. म्हणून फोन घरून भरून निघायचा, आणि गेवराईला चहाला थांबल्यावर वेगळ्या चार्जरवर.

नकाशा आणि आपली गावं

बोलून पत्ता सांगितला की काम झालं असं वाटतं. पण "पिंपळगाव" म्हटलं तर कुठलं? वडगाव, पिंपरी, बोरगाव यांचंही तेच. एकाच तालुक्यात दोन-दोन निघतात. गाव आणि तालुका दोन्ही सांगावेत, आणि तरीही निघण्याआधी रस्त्याची पूर्ण रेघ बोटांनी लहान करून बघावी: दिशा बरोबर आहे का, अंतर पटतंय का. औरंगाबाद आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावं २०२३ मध्ये बदलली. लोक अजून दोन्ही नावं बोलतात, दुकानांच्या पाट्यांवरही दोन्ही आहेत. शहराच्या नावापेक्षा रुग्णालयाचं नाव आणि भाग सांगणं जास्त भरवशाचं. सगळ्यात चांगलं म्हणजे पार्टीकडून व्हॉट्सॲपवर लोकेशन मागवून गाडी उभी असतानाच लावणं.

दुसरी अडचण शॉर्टकटची. नकाशा चार किलोमीटर वाचवायला पाणंद रस्त्यावर उतरवतो. उन्हाळ्यात ते चालून जातं. पहिल्या पावसानंतर काळ्या मातीत सात आसनी गाडी तळाला टेकते आणि ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. नळकांडी पुलावरून पाणी वाहतंय हे नकाशाला कळत नाही. पावसाळ्यात डांबरी सोडून उतरायचं असेल तर गावातल्या माणसाला विचारायचं, हा नियम पडद्याने बदललेला नाही.

बालाघाटाच्या घाटवळणांत आणि आतल्या रस्त्यांवर रेंज जाते. बीड, जालना, संभाजीनगर, लातूर, धाराशिव हा पट्टा घरच्या वायफायवर ऑफलाइन उतरवून ठेवला. ऑफलाइनमध्ये वाहतुकीची कोंडी कळत नाही आणि पर्यायी रस्ते कमी सुचतात, पण बाण चालत राहतो, आणि चालक रेंज शोधायला फोन हातात घेत नाही.

बोलून करणं फुकट पडत नाही

हात स्टेअरिंगवर, डोळे रस्त्यावर, मग काय हरकत, असा सर्वसाधारण समज आहे. ब्रिटनमध्ये २०२० साली टीआरएल या वाहतूक संशोधन संस्थेने सिम्युलेटरवर चाचणी घेतली. कारप्ले बोटाने वापरताना प्रतिक्रियेचा वेळ ५७ टक्क्यांनी वाढला, अँड्रॉइड ऑटोत ५३ टक्क्यांनी. बोलून वापरताना तो अनुक्रमे ३६ आणि ३० टक्के. हातात फोन धरून बोलण्याचा आकडा ४६ टक्के होता. म्हणजे बोलणं बोटापेक्षा बरं, पण शून्य नाही. अमेरिकेतल्या एएए फाउंडेशन या रस्ता सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०१५ च्या अभ्यासात बोलण्याचं काम संपल्यावरही काही गाड्यांत मनाची गुंतवणूक २७ सेकंदांपर्यंत टिकलेली आढळली. ८० च्या वेगात २७ सेकंद म्हणजे ६०० मीटर.

म्हणून सेटिंगमध्ये गोष्टी आधीच बंद केल्या. अँड्रॉइड ऑटोत संदेशांच्या सूचना बंद, ग्रुपच्या तर नक्कीच, संदेशाची पहिली ओळ दाखवणं बंद, गाणं आपोआप सुरू होणं बंद, नकाशाचा दिवस-रात्र बदल गाडीच्या दिव्यांप्रमाणे. फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये अँड्रॉइड ऑटो आणि नकाशा या दोघांवरचं बंधन काढलं, नाहीतर काही फोन वीज वाचवायला मागे चाललेलं ॲप मारून टाकतात. संदेश वाचून दाखवण्याची सोय टूरच्या गाडीत तशीही नकोशी: मागे रुग्णाचे नातेवाईक बसलेले असताना दुसऱ्या पार्टीचा हिशेब मोठ्याने वाचला जातो.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, गाडी चालवताना हातात फोन वापरणं धोकादायक चालवण्यात मोडतं. पहिल्या वेळी एक ते पाच हजार दंड किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमांत रस्ता बघण्यापुरता वापर चालतो, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. डॅशबोर्डातला पडदा पोलिसांपासून वाचवतो, ट्रॉलीपासून नाही.

काय मिळालं, काय गेलं

मिळालं ते खरं आहे आणि ते मोठं आहे. संभाजीनगरात बीड बायपासवरून रुग्णालयाकडे वळताना कुठल्या लेनमध्ये राहायचं हे अर्धा किलोमीटर आधी कळतं. पूर्वी चालक फोन मांडीवर घेऊन चौकात रेंगाळायचा, मागून हॉर्न. फोन हातात असण्याशी तुलना केली तर नीट जोडलेला पडदा निर्विवाद चांगला. समृद्धीवर तर वळण चुकलं की पुढच्या इंटरचेंजपर्यंत परत फिरता येत नाही, तिथे वेळेवर मिळालेली सूचना डिझेल आणि वेळ दोन्ही वाचवते.

गेलं तेही सांगायला हवं. मागच्या कॅमेऱ्याचं चित्र नऊ इंचावरून सातवर आल्याने रिव्हर्स घेताना लहान दिसतं. समोर व्हिडिओ चालत नाही म्हणून वऱ्हाडातल्या पोरांची कुरकुर असते, आणि दोन पार्ट्यांनी "पहिला टेप भारी होता" म्हणून दाखवलं. बदली चालकाच्या जुन्या फोनवर अँड्रॉइड ऑटो नीट चालत नाही. तो गाडीवर असला की मालक आपला जुना फोन नकाशापुरता गाडीत ठेवतो. जूनमध्ये एका अपडेटनंतर फोन आणि टेप एकमेकांना ओळखेनात. फोनमधून गाडी विसरायला लावली, ॲपचा कॅश (साठवलेली तात्पुरती माहिती) पुसला, टेपमधूनही फोन काढला आणि उभ्या गाडीत नव्याने जोडला. हे निघायच्या घाईत, पार्टी दारात उभी असताना झालं तर सरळ नकाशाशिवाय निघावं आणि पहिल्या थांब्यावर बघावं. केबल चार महिन्यांत फोनच्या टोकाशी सैल झाली. ती झिजणारी वस्तू आहे, ऑइल फिल्टरसारखी, चारशे रुपये धरून दोन ठेवाव्यात.

फोनवर बोलण्याचा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. धंदाच फोनवर आहे, भाडं न उचललेल्या फोनवर दुसरीकडे जातं. तडजोड अशी निघाली की स्टेअरिंगवरच्या बटणाने फोन घ्यायचा, "गाडी चालवतोय, दहा मिनिटांत लावतो" एवढंच बोलायचं, आणि भाव, तारीख, माणसं किती हे सगळं थांबल्यावर. रात्री उसाच्या हंगामात मांजरसुंबा ते अंबाजोगाई फोन घ्यायचाच नाही, आणि डिपरवर असताना वेग ६० च्या आत.

जुना नऊ इंची टेप विकण्याआधी त्यातून बदली चालकाचं आणि मालकाचं मिळून सगळं फोनबुक, कॉलची यादी आणि नकाशातला घराचा पत्ता निघाला. ब्लूटूथची जोडणी काढून टाकली तरी हे आत राहतं. सेटिंगमधून फॅक्टरी रिसेट मारला, टेप परत सुरू करून यादी रिकामी असल्याचं बघितलं, आणि मगच तो गिऱ्हाइकाच्या हातात दिला.